फोटोवर नेमकं बोलायचं कसं? किनाऱ्यावरच्या हौशी छायाचित्रकारांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरीतले दहा-बारा हौशी छायाचित्रकार महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात आणि फोटो टीव्हीवर लावून एकमेकांना दाखवतात. बहुतेक फोटोंना ‘मस्त’, ‘एक नंबर’ अशी दाद मिळते. कुणी दोष काढलाच तर चेहरे पडतात, आणि वयाने मोठ्या काकांच्या फोटोवर तर कुणी तोंडच उघडत नाही. वर्ष उलटलं तरी फोटो होते तिथेच आहेत. चर्चा कशी केली तर पुढचे फोटो सुधारतील?

चर्चेचा कस एकाच गोष्टीवर लावा. फोटो काढणारा त्याच जागी परत गेला तर कुठे उभा राहील, किती वाजता जाईल आणि कॅमेऱ्यात काय बदलेल, हे त्याला घरी जाताना कळलेलं असलं पाहिजे. ‘कम्पोझिशन कमजोर वाटतंय’ हे ऐकून कुणाला काहीच करता येत नाही. ‘दोन पावलं डावीकडे सरकला असतास तर होडीची नाळ (पुढचं निमुळतं टोक) मागच्या खांबापासून सुटी झाली असती’ हे ऐकून करता येतं. कोकणात तर असा सल्ला अमलात आणायची सोय मोठी आहे. बऱ्याच जागा तासा-दोन तासांवर असतात, हंगामात मासळीचा लिलाव रोजचा असतो आणि भरती-ओहोटी पंचांगाला बांधलेली असते. फसलेला फोटो इथे पुन्हा काढता येतो, म्हणून चर्चाही त्या दृष्टीने व्हायला हवी.

आधी बैठकीची रीत ठरवा. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा. बाराजण असले आणि एका फोटोला सात मिनिटं दिली तरी ८४ मिनिटं होतात. त्याहून जास्त फोटो घेतले की शेवटच्या चार-पाच जणांच्या वाट्याला फक्त मान डोलावणं येतं. फायलींना नावांऐवजी क्रमांक द्या आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. फोटो काकांचा आहे की कॉलेजातल्या मुलाचा, हे चर्चा संपेपर्यंत कळता कामा नये. गट छोटा असेल तर शैलीवरून ओळख पटतेच, पण नाव पुढे नसलं की जीभ बरीच मोकळी होते.

फोटो पडद्यावर आला की पहिलं अर्धं मिनिट कुणीही बोलायचं नाही. त्यानंतर एकाने फक्त दिसतं ते सांगायचं, मत द्यायचं नाही: नजर आधी कुठे गेली, मग कुठे सरकली, कुठे अडकली, चौकटीच्या बाहेर कुठून निसटली. फोटो काढणारा या वेळात गप्प. त्याने शेवटी, आणि तेही फक्त ‘मला काय दाखवायचं होतं’ एवढंच सांगायचं. हा क्रम उलटा केला तर सगळी चर्चा वाया जाते. ‘इथे पोचायला दीड तास चालावं लागलं, पहाटे चारला उठलो होतो’ हे आधी ऐकलेला माणूस फोटोकडे पाहतच नाही, कष्टांकडे पाहतो. फोटो काढणाऱ्याला जे दाखवायचं होतं आणि पाहणाऱ्याची नजर जिथे गेली, त्या दोहोंत जेवढं अंतर, तेवढाच त्या दिवशीचा खरा विषय.

आता एक नेहमीचा फोटो घेऊन बघू. मालवण-तारकर्लीच्या बाजूचा किनारा, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जातेय, दहा-बारा माणसं दोराला लागली आहेत. संध्याकाळचे पाच, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, छायाचित्रकार त्यांच्या मागे जमिनीकडे उभा, शटर १/१६० सेकंद. पाहणारे म्हणतात, ‘छान आहे, पण काहीतरी राहिलंय.’ ते ‘काहीतरी’ शोधायचं तर चौकटीवर बोट ठेवून बोलावं लागतं.

पहिली गोष्ट, सगळ्यांच्या पाठी दिसतात. ओढण्याचा जोर दिसतो तो ताणलेल्या हातांत, रोवलेल्या टाचांत आणि चेहऱ्यावर. पाठीवर तो फारसा उमटत नाही. दुसरी, डोळ्यांच्या उंचीवरून पाहिल्यामुळे समुद्राची रेघ नेमकी माणसांच्या मानेतून गेली आहे. कॅमेरा कमरेपर्यंत खाली आणला असता तर रेघ खाली गेली असती आणि डोकी मोकळ्या आकाशावर आली असती. तिसरी, दोराचं पुढचं टोक चौकटीच्या उजव्या कडेवर कापलं गेलंय आणि जाळं कुठेच नाही, त्यामुळे ही माणसं काय ओढतायत हे अनोळखी माणसाला कळणार नाही. चौथी, शेवटच्या माणसाचा पाय घोट्यात कापलाय. सांध्यावर कापलेला अवयव नेहमी चूक झाल्यासारखा दिसतो. कापायचंच तर मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा. पाचवी, १/१६० ला मागे झुकलेल्या माणसांच्या मुठी हलल्या आहेत, धड स्पष्ट नाहीत आणि धड हलत्याही नाहीत. १/५०० घेतला तर वाळूचे उडालेले कणही थांबतात. उलट हालचालच दाखवायची असेल तर १/१५ पर्यंत खाली या, ट्रायपॉड लावा आणि ज्याचे पाय रोवलेले आहेत अशा एखाद्याला स्थिर ठेवा. मधलं काहीतरी घेतलं की दोन्ही हातचं जातं.

आणि मग सगळ्यात कामाचा सल्ला, जागेचा आणि वेळेचा. रापणीत जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन ठिकाणी ओढली जातात आणि ओढणाऱ्यांच्या दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. या दोन रांगांच्या मधल्या जागेत, पाण्याच्या कडेला गुडघ्यावर बसलं तर दोर तिरपा आत येतो, चेहरे दिसतात आणि समोरची रांग पार्श्वभूमीला मिळते. फक्त दोराच्या वाटेत यायचं नाही आणि ओढणाऱ्यांना आधी विचारायचं. आपला पश्चिम किनारा म्हणजे सकाळी ऊन जमिनीकडून समुद्राकडे पडतं. समुद्राच्या बाजूने तोंड करून दोर ओढणाऱ्याच्या पाठीवर ते येतं. पाण्याकडे पाठ करून किनारा चढत ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं. संध्याकाळी हे सगळं उलटतं. एवढं सांगितलंत तर तो माणूस पुढच्या खेपेला वेगळा फोटो घेऊन येईल.

सूर्यास्ताचे फोटो तुमच्याकडे ढिगाने येत असणार, म्हणून त्यावर जरा थांबतो. ‘आकाश फाटलंय’ (उजेड जास्त होऊन तपशील उडालाय) एवढं म्हणून भागत नाही, कुठला रंग फाटलाय ते बघा. संध्याकाळी लाल रंगाची पातळी सगळ्यात आधी टोकाला पोचते. कॅमेऱ्यावरचा एकत्रित पांढरा हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) सुरक्षित दिसतो आणि तरी सूर्याभोवती सपाट नारिंगी डाग पडतो, कारण लाल आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करायला सांगा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ ते उणे दीड आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. सावल्या नंतर बऱ्यापैकी उचलता येतात, फाटलेला लाल परत येत नाही.

क्षितिज कललेलं असेल तर ते सगळ्यांच्या आधी सांगून मोकळे व्हा. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत एका अंशाचा कल म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १०५ पिक्सेलचा उतार, आणि डोळ्यांना समुद्र सपाटच हवा असतो. तो घरी सरळ करता येतो, पण फिरवल्यावर कडा कापाव्या लागतात. म्हणून किनाऱ्यावर कडेला थोडी जागा सोडायची सवय लावा.

पाण्याच्या हालचालीवर मत देताना शटरचा आकडा विचाराच. परतणाऱ्या लाटेच्या रेघा साधारण पाव ते एक सेकंदात मिळतात, तेही लाट मागे सरकायला लागल्यावर बटण दाबलं तर. खडकावर फुटणारं पाणी थांबवायला १/१००० च्या आसपास जावं लागतं. ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची गडद काच; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) १/६० चा वेळ सुमारे एक सेकंदावर नेतो, १० स्टॉपचा सुमारे १६-१७ सेकंदांवर. फोटोत पाणी धूसर आणि खडकही धूसर असेल तर ट्रायपॉड हलला आहे. ओल्या वाळूत लाट पायांखालून गेली की वाळू सरकते आणि ट्रायपॉड खचतो. पाय दाबून घट्ट रोवायचे, एक लाट जाऊ द्यायची आणि मग सुरुवात करायची. खडक स्पष्ट आणि पाणी धूसर असेल तर तांत्रिक बाजू ठीक आहे. मग चर्चा एवढीच की त्या पाण्याचा आकार नजरेला आत नेतो का.

पुढचा दगड स्पष्ट, मागचा किल्ला मऊ, किंवा उलट, ही तक्रारही नेहमीची. उपाय म्हणून लोक एफ २२ लावतात, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान करतात, आणि डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळाच फोटो मऊ होतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर १६ मिमी लेन्स, एफ ८ आणि फोकस सुमारे पावणेदोन मीटरवर ठेवला तर ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत चालेल इतकं स्पष्ट येतं.

सूर्यास्ताच्या फोटोला द्यायचा खरा सल्ला मात्र तिथीचा असतो. किनाऱ्यावर जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, मालवण-वेंगुर्ल्याकडे वेळ थोडी अलीकडे येते, म्हणून जायच्या दिवशी कोष्टक बघा. पण फोटोच्या आखणीला तो पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन दिवस सूर्यास्ताच्या सुमाराला पाणी मागे हटलेलं असतं, उधाणाची ओहोटी असल्याने वाळूचा मोठा ओला पट्टा उघडा पडतो आणि आकाशाचं प्रतिबिंब मिळतं. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती असते, तेव्हा खडकांवरचं पाणी काढावं. रोजची भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत जाते आणि पंधरवड्याने तीच स्थिती त्याच वेळेला परत येते. म्हणजे ‘पुढची वाळू कोरडी, निर्जीव दिसतेय’ असं कुणी म्हणालं की त्याने लगेच पुढे म्हणावं, ‘द्वितीयेला परत जा.’ ओहोटीत कातळावर पुढे गेलेल्या माणसाने मात्र परतीची वाट आधी बघून ठेवावी. पाणी चढताना मागच्या खोलगट जागा आधी भरतात.

तसंच सूर्याच्या जागेचं. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २४-२५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनअखेर तेवढाच उत्तरेला. जवळजवळ पन्नास अंशांचा हा प्रवास आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो रोज सुमारे ०.४ अंश सरकतो, त्यामुळे एखादा बुरूज सूर्याच्या पुढ्यात आणायचा असेल तर या महिन्यांत दोन-तीन दिवसांचा उशीरही पुरे होतो. हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्ग किंवा मालवणातून सिंधुदुर्ग संध्याकाळी काळ्या आकृतीसारखाच दिसणार; तटाचे दगड दाखवायचे असतील तर सकाळ हवी. ‘किल्ल्यात तपशील नाही’ अशी टीका सूर्यास्ताच्या फोटोवर करणं त्यामुळे अन्यायाचं आहे. तिथे बोलायचं ते बाह्यरेषेबद्दल: होडीची डोलकाठी तटात घुसली आहे की सुटी आहे, दोन होड्या एकमेकींवर चढल्या आहेत का.

हर्णैच्या लिलावाच्या फोटोंत वेगळीच गाठ असते. मागे मावळतं आकाश, पुढे सावलीतले चेहरे, टोपल्यांत चमकणारी मासळी आणि वर एखादा पांढरा दिवा. चेहरे काळे आले असतील तर ‘शॅडो उचल’ हा घरचा उपाय झाला, आणि त्याने फोटोतला तो भाग दाणेदार होतो. किनाऱ्यावरचा उपाय असा: सूर्य समोर न ठेवता बाजूला येईल असं फिरून उभं राहायचं, नाहीतर सूर्य बुडायची वाट बघायची. आपल्याकडे संधिप्रकाश २०-२५ मिनिटांत आटोपतो. त्यातली पहिली दहा-पंधरा मिनिटं आकाश आणि दिवे यांचं प्रमाण जुळतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ला घाबरू नका, पण शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, बोली लावणारे हात फार भराभर हलतात. आणि गर्दीच्या फोटोत नजर कुठे ठरते ते विचारा. पंधरा माणसं आणि एकही हावभाव नाही, असा फोटो कितीही रंगीत असला तरी दुसऱ्यांदा बघवत नाही. इथे दोघींमधली एक घासाघीस पन्नास टोपल्यांपेक्षा जास्त सांगते.

म्हणून निवडलेल्या फोटोबरोबर त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन फोटो छोट्या आकारात आणायला सांगा. बऱ्याचदा असं दिसतं की हात वर गेलेला, डोळे भिडलेला क्षण शेजारच्याच फोटोत आहे आणि माणसाने क्षितिज सरळ आलं म्हणून दुसरा निवडला. निवड ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यावर हौशी गटांत जवळजवळ कुणी बोलत नाही. मूळ न कापलेली फाइलही सोबत ठेवा, म्हणजे कापण्याने काय मिळवलं आणि काय गमावलं ते दिसतं.

रंगांच्या बाबतीत पावसाळ्यातले फोटो सगळ्यात जास्त फसतात. जांभ्याचा तांबडा आणि भाताचा हिरवा आधीच तेज असतो, त्यावर सॅच्युरेशन चढवलं की पात्यांतला फरक मिटून एकच हिरवा थर उरतो. तपासायला सोपी खूण आहे: माडाच्या झावळ्यांच्या टोकांभोवती पांढरट कड दिसते का? दिसली तर एडिटिंगमधलं क्लॅरिटी, डीहेझ किंवा एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडणं) जास्त झालंय. वाऱ्यात हललेल्या झावळ्या एचडीआरमध्ये दुहेरीही दिसतात.

टीका करण्याआधी पडद्याची झडती घ्या, नाहीतर फोटोचा दोष नसताना तासभर वाद होतो. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर निळसर आणि अतिधारदार दिसणार, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडा आणि ओव्हरस्कॅन बंद करा, कारण त्याने चारही कडा कापल्या जातात आणि कडांवरची सगळी चर्चा चुकते. मोबाइलवर बघत असाल तर डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड बंद. फायली एसआरजीबीत (पडद्यांसाठीची नेहमीची रंगव्यवस्था), लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ८५ च्या आसपास. ॲडोबी आरजीबीतली फाइल तशीच दिली तर कित्येक पडद्यांवर ती मलूल दिसते. व्हॉट्सॲपने पाठवायच्या असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्या की त्या दाबल्या जातात आणि शटर-ॲपर्चरची नोंदही उडते.

मात्र हीच नोंद काही वेळा मुद्दाम काढावी लागते. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरचं कासवाचं घरटं किंवा घुबडाची ढोली असेल तर जीपीएसची माहिती पुसूनच फोटो दाखवा. ऑलिव्ह रिडले कासवाच्या पिल्लांवर फ्लॅश मारलेला फोटो तांत्रिकदृष्ट्या कितीही सुबक असला तरी त्यावर गुणदोषांची चर्चा करू नये. तो बाजूला ठेवावा आणि का ठेवला ते सांगावं. सांगून फेकायला लावलेलं जाळं असेल तर तसं नमूद करायला लावा. कातळशिल्पांचंही असंच आहे. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथले फोटो भर दुपारी काढले की उथळ रेषा दिसत नाहीत, मग लोक त्यांत पाणी ओततात, खडूने गिरवतात. खडूने, ओतण्या-घासण्याने त्या दगडाचं नुकसान होतं. सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्ताआधीच्या तासाभरात ऊन तिरपं लागतं तेव्हा अर्ध्या इंचाच्या खाचेलाही सावली येते. खडू दिसला तर थेट ‘सकाळी सातला जा’ असं सांगा.

एका दोषावर कम्पोझिशनच्या भाषेत बोलून वेळ घालवू नका: सगळा फोटो फिकट, काळा रंग राखाडी, विशेषतः सूर्य समोर असताना. बहुतेक वेळा तो लेन्सवर बसलेल्या खाऱ्या हवेचा थर असतो. टॉर्च तिरपी धरून काच बघायला सांगा. आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलावलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. थेट कोरडं पुसलं तर कण घासून चरे पडतात. आकाशात त्याच जागी दर फोटोत काळपट ठिपका येत असेल आणि एफ १६ ला गडद, एफ २.८ ला नाहीसा होत असेल तर तो सेन्सरवरचा कण आहे. किनाऱ्यावर लेन्स बदलल्याचं ते फळ असतं.

दोघांची मतं परस्परविरोधी आली तर मतदान घेऊ नका. दोघांनाही विचारा, तुमची नजर कुठे अडकली? बहुतेकदा दोघं एकाच जागी अडकलेले असतात आणि उपाय तेवढे वेगळे सुचवत असतात. एकाला कोपऱ्यातली लाल बादली कापायची असते, दुसऱ्याला तिच्यासाठी जागा वाढवायची असते. दोघांचंही म्हणणं एकच, की बादली अर्धवट आहे. दोन्ही तऱ्हा पडद्यावर कापून बघायला मिनिट लागत नाही. जिथे नजर अडकलीच नाही आणि फक्त आवड वेगळी आहे, तिथे फोटो काढणाऱ्याचा शब्द शेवटचा.

प्रत्येक फोटोखाली एका वहीत एकच ओळ लिहून ठेवा: जागा, तिथी किंवा महिना, वेळ आणि बदलायची एक गोष्ट. पुढच्या बैठकीत जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावा. शक्य झालं तर चार बाय सहा इंचांच्या प्रिंट काढून टेबलावर मांडा; त्यासाठी १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, आणि कागदावर हलका कल, गडद कोपरे आणि अतिरंग पडद्यापेक्षा लवकर पकडले जातात.